पिल्लाचा दात लागला, पण रक्त नाही. रेबीजची लस घ्यायची का?

दुधनाकाठची | रविवार, रात्री ९.२०

नमस्कार. एरवी मी इथं फक्त वाचते, आज लिहायची वेळ आली.

आम्ही सेलूजवळच्या एका खेड्यात राहतो. गल्लीतल्या लिंबाखाली एका भटक्या कुत्रीनं दोनेक महिन्यांपूर्वी पाच पिल्लं घातली. तेव्हापासून गल्लीतली सगळी लेकरं दिवसभर तिथंच असतात. आज संध्याकाळी खेळताना एका पिल्लानं माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या घोट्याजवळ तोंड मारलं. रक्त आलं नाही. बोटभर लांब लाल रेघ उठलीय, पाणी लागलं की चुरचुरतं म्हणतो.

मामा (माझे सासरे) म्हणतात, एवढ्याशा पिल्लाला कुठला आलाय पिसाळ, त्याचे दातसुद्धा दुधाचे. मामी म्हणतात हळद लाव आणि झोपव. मुलाचे वडील कामानिमित्त जालन्याला असतात, ते फोनवर म्हणाले उद्या बघू. पिल्लू तर ठणठणीत आहे, आत्ताही अंगणात लोळतंय.

दुसरं असं, की त्या कुत्रीला मी रोज भाकरी टाकते, अंगावरून हात फिरवते, पिल्लं माझे पाय चाटतात. मग मलाही लस घ्यावी लागेल का? मामांचं काही नाही, ते नुसते पिल्लाला मांडीवर घेऊन बसतात. सोयाबीनची काढणी चालू आहे, रानातून दमून आले की त्यांना तेवढाच विरंगुळा.

लहान लेकराला उगाच सुया टोचायला जीव होत नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

---

मांजराकाठ | रविवार, रात्री ९.३१

ताई, बाकीचे प्रतिसाद नंतर वाचा. आधी लेकराचा पाय नळाखाली धरा, नळाला पाणी नसेल तर तांब्यानं धार सोडा. साबण लावा, अगदी अंगाचा किंवा कपड्याचा चालेल, आणि घड्याळ लावून १५ मिनिटं धुवा. दोन-तीन तास झाले असले तरी धुवा. हळद नको, चुना नको, तिखट तर मुळीच नको. आमच्या लातूरकडं अजून लोक जखमेत मिरचीपूड भरतात. त्यानं जखम आणखी फाटते, फायदा काहीच होत नाही.

धुवून झालं की इथं लिहा.

---

काळी माती | रविवार, रात्री ९.४८

ताई, लई मनावर घेऊ नका. आमच्या आखाड्यावर, म्हंजी शेतातल्या वस्तीवर, चार कुत्री हायेत, रोजच हातपाय चाटतेत. लहानपणापासून कितीदा तरी दात लागले असतील, काई झालं न्हाई. कुत्रं पिसाळलेलं असलं की लगेच कळतंय, लाळ गाळीत पळत सुटतंय. तुमचं पिल्लू खेळायलंय म्हणजे चांगलंय. धा दिस बघा, त्याला काई झालं तर मग घ्या सुया.

---

दुधनाकाठची | रविवार, रात्री १०.०५

मांजराकाठ, पाय धुतला, १५ मिनिटं पूर्ण. लेकरू झोपलं. आता दहा दिवस थांबायचं की नाही, ते कुणीतरी नक्की सांगा.

---

ग्रामीण डॉक्टर | रविवार, रात्री १०.४०

धाराशिव जिल्ह्यात ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतो. कुत्रं चावलेले रुग्ण माझ्याकडे रोज असतात, आणि पहिला प्रश्न बहुतेकांचा हाच असतो: "कुत्रं पिसाळलेलं होतं का, ते कसं ओळखायचं?" निर्णय त्यावर घ्यायचाच नसतो. आजार दिसायच्या काही दिवस आधीच कुत्र्याच्या लाळेत विषाणू उतरलेला असतो. म्हणजे आज शेपूट हलवणारं, भाकरी खाणारं, खेळणारं जनावरही लाळेतून रोग देऊ शकतं. पिल्लांनाही रेबीज होतो, त्यांच्या चाव्यानं माणसं दगावली आहेत.

खरा प्रश्न एवढाच आहे: त्याची लाळ तुमच्या फुटलेल्या कातडीपर्यंत, नाहीतर डोळ्यात-तोंडात पोचली का?

नुसता हात फिरवला, खाऊ घातलं, धडधाकट कातडीवर चाटलं, तर हा पहिला प्रकार. लस लागत नाही, साबणानं धुतलं की झालं. उघड्या कातडीवर दात लागून खरचटलं, नखाचा ओरखडा उठला, पण रक्त नाही, तर दुसरा प्रकार. त्यात लस लागते. दात कातडीतून आत गेला, रक्त आलं, किंवा आधीच असलेल्या जखमेवर, भेगेवर, ओठांवर, डोळ्यात लाळ गेली, तर तिसरा. यात लस आणि शिवाय जखमेत भरायचं सीरम, दोन्ही लागतं.

ताई, तुमचा मुलगा दुसऱ्या प्रकारात बसतो. पाणी लागल्यावर चुरचुरतं म्हणजे कातडीचा वरचा थर गेलाय. आम्हीही शंका असली की स्पिरिटचा बोळा लावून झोंबतं का ते बघतो. उद्या सकाळी पहिला डोस द्या. दहा दिवस पिल्लावर लक्ष जरूर ठेवा, पण ते लस सुरू करून. दहा दिवस वाट बघून मग लस, असं कधीच नाही. पिल्लू दहाही दिवस ठणठणीत राहिलं तर धोका नव्हता हे कळतं, पण सरकारी दवाखान्यातल्या पद्धतीत डोस तरीही पूर्ण करायचे. लक्ष ठेवण्याचा फायदा इतकाच.

तुमच्या पायांना भेगा, खरूज, जखम नसेल तर तुम्हाला लस नको.

मात्र मला वेगळाच प्रश्न पडलाय. मामांच्या हातांना काही लागलेलं आहे का? सोयाबीन काढणारे हात म्हणून विचारतोय.

---

दुधनाकाठची | रविवार, रात्री ११.१५

आत्ता कंदिलासारखा मोबाईल धरून मामांचे हात बघितले. डॉक्टरसाहेब, दोन्ही तळव्यांना उभ्या भेगा आहेत. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला काल विळा लागलाय, चिंधी बांधली होती, ती आज सोडलेली. आणि पिल्लू संध्याकाळी बराच वेळ तेच हात चाटत, चघळत होतं. मामा हसतायत, म्हणतात विळा लागला त्याचं काय, आयुष्यभर लागतोय.

माझे हातपाय गार पडले.

---

ग्रामीण डॉक्टर | रविवार, रात्री ११.२२

घाबरू नका, वेळ गेलेली नाही. त्यांचे हातही आत्ता १५ मिनिटं साबणानं धुवा. बोटाची जखम बांधू नका, उघडी ठेवा. सकाळी दोघांनाही न्या. तुमच्या घरात सगळ्यात जास्त गरज मामांना आहे. ज्याला चावलं तो दुसऱ्या प्रकारात आणि ज्याला नुसतं चाटलं तो तिसऱ्या, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण विषाणूला दात लागत नाही, वाट लागते.

आणखी एक. तिथं कुणी नुसतं धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन "झालं" म्हणालं तर तेवढ्यावर घरी परतू नका. ते वेगळं, रेबीजची लस वेगळी. या गैरसमजात बरेच जण अर्ध्यावर राहतात.

---

नांदेडकर आजोबा | सोमवार, पहाटे ५.५०

रात्रभर हा धागा डोक्यात होता.

१९७८ साली मला कुत्रं चावलं, तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घेतली. रोज एक. बेंबीच्या भोवती गाठी यायच्या, वाकता यायचं नाही. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत, कसौलीच्या संस्थेत १९११ मध्ये तयार झालेली. भारतात ती २००४ च्या अखेरीपर्यंत बनत होती. आजही आमच्या वयाची माणसं लसीला भितात ती त्या चौदा सुयांना. मामांच्या मनातही तेच असेल. त्यांना सांगा, ते दिवस गेले. आता दंडात देतात.

आता जे लिहितोय ते लिहिताना अजून हात थरथरतो. १९९१ मध्ये माझ्या चुलतभावाला पोटरीला कुत्रं चावलं. लहानशी जखम. रुईचा चीक लावला, एका जाणकारानं मंतरून दिलं, अमावस्येपर्यंत पथ्य सांगितलं. जखम आठवड्यात भरली आणि सगळे विसरून गेले. दोन महिन्यांनी त्याच पोटरीला मुंग्या यायला लागल्या. मग ताप. मग तांब्या तोंडाशी नेला की घसा आवळायचा. पंख्याचा वारा सहन होईना. शुद्धीवर होता, सगळ्यांना ओळखत होता. चौथ्या दिवशी गेला. बत्तीस वर्षांचा होता.

जखम भरली म्हणजे धोका टळला, असं आम्हाला वाटलं होतं. विषाणू त्या वेळी नसांतून मेंदूकडे निघालेला असतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा लक्षणं दिसली की जगात कुठंही त्यावर इलाज नाही. मामांना हा प्रतिसाद वाचून दाखवा.

---

दुधनाकाठची | सोमवार, दुपारी ३.३०

आजोबा, वाचून दाखवला. मामा काही बोलले नाहीत, उठून धोतर बदललं आणि गाडीवर बसले.

सकाळी एका जवळच्या केंद्रावर गेलो. तिथं म्हणाले, "आज दोघंच आहात, बाटली फोडली तर वाया जाते. मंगळवारी चार-पाच पेशंट जमतात, तेव्हा या." मुलाचा ओरखडा बघून तर म्हणाले, रक्त नाही, याला गरजच नाही. मी डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद दाखवायला गेले, त्यांना ते आवडलं नाही. वाद घालत बसले नाही, दोघांना घेऊन थेट परभणी गाठली. तिथं दोघांनाही पहिला डोस मिळाला, फुकट. दोन्ही दंडांत एकेक, कातडीत अगदी वरच्यावर, मुगाएवढा फुगवटा आला. पोरगं रडलंसुद्धा नाही.

मामांचं वजन केलं आणि सीरम त्या कापाभोवती आणि कापात टोचलं. ते मात्र दुखलं. बोटात जागा किती असणार, हळूहळू भरत होते. मामांनी दुसऱ्या हातानं माझा हात घट्ट धरला होता. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

विचारायचं राहिलं: बाटली वाया जाते म्हणून थांबवतात, हे बरोबर आहे का?

---

ग्रामीण डॉक्टर | सोमवार, रात्री ८.१०

कारण खरं आहे, पण निर्णय चुकीचा. कातडीत द्यायच्या पद्धतीत प्रत्येक ठिकाणी ०.१ मिली, दोन ठिकाणी मिळून ०.२ मिली लस लागते. एका बाटलीत चार-पाच जणांचं काम होतं, म्हणून ही पद्धत स्वस्त पडते. पण बाटली एकदा कालवली की सहा-आठ तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते. त्यामुळे कर्मचाऱ्यांना वरून हिशेब द्यायचा धाक असतो. पुढच्या डोसांच्या तारखा ते एकत्र जमवू शकले असते तर एक वेळ समजू शकतो. पहिला डोस मात्र कुणासाठी थांबवायचा नसतो. रुग्ण एक असला तरी बाटली फोडायचीच. तुम्ही परभणी गाठलीत ते योग्य केलंत, पण गाडी नसलेल्या बाईनं काय करायचं, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

पुढचे डोस: आजचा दिवस शून्य धरा. मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. म्हणजे गुरुवार, पुढचा सोमवार आणि चार आठवड्यांनंतरचा सोमवार. खासगीत स्नायूत घेतली असती तर ०, ३, ७, १४, २८ असे पाच. एकदा निवडलेली पद्धत शक्यतो शेवटपर्यंत तीच ठेवा. लस दंडातच, दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीच्या पुढच्या बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यावर कधीही नाही, तिथं चरबीत ती नीट काम करत नाही.

सीरमबद्दल: लसीनं शरीरात ताकद तयार व्हायला आठवडा-दहा दिवस जातात. तोवर विषाणूला जखमेतच अडवायला सीरम. म्हणून ते दंडात नाही, जखमेत भरतात. घोड्यापासून बनवलेलं असेल तर किलोमागे ४० युनिट, मानवी असेल तर २०. पहिल्या दिवशी मिळालं नाही तर लस सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत मिळवायचं. त्यानंतर देत नाहीत.

पथ्याचं आधीच सांगतो, कारण मामी विचारणारच: काही नाही. वांगं, मटण, आंबट, सगळं चालतं. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही लस चालते.

---

बालाघाटची लेक | सोमवार, रात्री ९.००

डॉक्टरदादा, एक विचारू का? आमच्याकडची माणसं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मागच्या हंगामात माझ्या भाचीला कोपीपाशी, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीपाशी, कुत्रं चावलं, कारखान्याच्या गावाला. पहिले दोन डोस तिथं झाले. मग टोळी दुसऱ्या फडावर, दुसऱ्या तालुक्यात गेली. मुकादम म्हणाला, एका डोसासाठी खाडा कशाला. बहिणीला वाटलं, दोन झाले ते बास. अकराव्या दिवशी मला फोनवर कळलं. मी म्हटलं, आता सगळं पहिल्यापासून करावं लागतं की काय?

---

ग्रामीण डॉक्टर | सोमवार, रात्री ९.२५

पहिल्यापासून करायची गरज नसते. डोस चुकला तर जमेल तितक्या लवकर तो घ्यायचा आणि पुढे चालू ठेवायचं. कार्ड जपून ठेवायचं, ते कुठल्याही जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात चालतं. पहिला डोस बीडला, दुसरा कोल्हापूरकडे, तिसरा कर्नाटकात झाला तरी हरकत नाही. कार्ड भिजतं, हरवतं, म्हणून त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगा. भाचीचे डोस पुरे झाले ना?

---

बालाघाटची लेक | सोमवार, रात्री ९.३१

झाले. मीच गेले होते एसटीनं, दोन गाड्या बदलून. लेकरू ठीक आहे. कोप्यांवर शंभर-शंभर माणसं असतात, त्यांच्यामागं कुत्री असतात, आणि जवळच्या दवाखान्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नसतं. जाताना प्रत्येक टोळीला एवढं जरी कुणी सांगितलं तरी फार होईल.

---

अस्वस्थ | मंगळवार, रात्री १२.४०

मी छत्रपती संभाजीनगरला शिकायला असतो. सहा महिन्यांपूर्वी कुत्र्यानं ओरखडा काढला होता, सगळे डोस घेतले. पण त्यानंतर मन थाऱ्यावर नाही. काल बसस्टॉपवर एका कुत्र्याचं ओलं नाक पँटला घासलं. घरी येऊन पँट तीनदा धुतली, पाय टॉर्च लावून बघितला, काही नाही. तरी वाटतं, बारीक छिद्र असेल तर? रस्त्यावर ओलं काही दिसलं तरी ती लाळ वाटते. रक्त तपासून कळतं का, अंगात रेबीज आहे की नाही ते?

---

ग्रामीण डॉक्टर | मंगळवार, सकाळी ६.४५

दादा, आधी तुमचं उत्तर: लस नको. कापडावरून नाक घासणं, खाली पडलेली लाळ, कुत्र्यानं उष्टं केलेलं भांडं, कुत्र्याचं मूत, यातून रेबीज होत नाही. शरीराबाहेर, उन्हात, कोरडं झाल्यावर हा विषाणू तग धरत नाही. चावल्यानंतर आत विषाणू शिरला की नाही हे सांगणारी कुठलीही रक्ततपासणी नाही, त्यामुळे तिच्यामागे लागून पैसे घालवू नका. तुमचा पूर्ण कोर्स झालाय. पुढे कधी खरोखर दात लागलाच तर तुम्हाला दोनच डोस लागतील, शून्य आणि तिसऱ्या दिवशी, सीरमशिवाय.

पण पँट तीनदा धुणं, रात्री पाऊण वाजता टॉर्च लावून पाय बघणं, हा त्रास खरा आहे आणि त्यालाही उपचार आहे. असे तरुण माझ्याकडे येतात. एक लस घेतली की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. त्यांना आणखी लस देणं म्हणजे त्या भीतीला खाऊ घालणं. मानसोपचारतज्ज्ञाला एकदा भेटा. तोवर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आज फोन करा, आणि केल्यावर इथं नुसतं "केला" एवढं लिहा.

---

पशुवैद्य उदगीर | मंगळवार, सकाळी १०.१५

दहा दिवसांचं गणित थोडं उलगडतो, कारण त्यावरून फार गोंधळ होतो. कुत्र्याच्या लाळेत विषाणू आला की थोड्याच दिवसांत त्याला लक्षणं दिसतात आणि मग ते मरतं. चावल्यानंतर दहा दिवस जिवंत आणि धडधाकट राहिलं, तर चावलं त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. हा हिशेब कुत्रा आणि मांजर यांनाच लागू आहे. मुंगूस, कोल्हा, लांडगा, वानर यांच्या चाव्यात दहा दिवस मोजत बसायचं नसतं, तो थेट तिसरा प्रकार. घरातल्या उंदराच्या चाव्याला सहसा लस लागत नाही.

प्रत्येक पिसाळलेलं कुत्रं लाळ गाळत, चावत पळतं, हेही खरं नाही. काही जनावरं गप्प होतात, कोपऱ्यात बसतात, जबडा लोंबतो, मागचे पाय ओढतात. लोकांना दया येते, पाणी पाजायला जातात.

शेतकऱ्यांना कळकळीनं सांगतो. कुत्रं चावलेली गाय, म्हैस, वासरू काही आठवड्यांनी खायचं सोडतं, हंबरत राहतं, लाळ गळते, घोट गिळता येत नाही. मालकाला वाटतं घशात काहीतरी अडकलं. तो उघडा हात कोपरापर्यंत घशात घालतो. माझ्या अनुभवात गावाकडं सगळ्यात जास्त धोका इथंच होतो. असं जनावर दिसलं की तोंडात हात घालू नका, आधी पशुवैद्याला बोलवा. चावलेल्या जनावरांनाही नंतर द्यायची लस असते, ती वेळेत दिली तर जनावर वाचू शकतं.

दुधाचं विचारणारे फोन मला दर महिन्याला येतात, अख्खं गाव घाबरलेलं असतं. उकळलेल्या दुधातून, चहातून रेबीज होत नाही. आजारी जनावराचं कच्चं दूध पिऊ नयेच, पण दुधातून माणसाला रोग झाल्याची खात्रीची नोंद नाही.

---

संपादक मंडळ | मंगळवार, दुपारी १.००

कुत्र्यांना खाऊ घालावं की नाही, नसबंदी कोणी करायची, प्राणी जन्म नियंत्रणाचे २०२३ चे नियम काय सांगतात, यावरचे सात प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. तो वाद महत्त्वाचा आहे, पण इथं लोक चाव्यानंतर काय करायचं ते शोधत येतात. हा धागा तेवढ्यासाठीच राहू द्या.

---

काळी माती | मंगळवार, रात्री ८.५५

डॉक्टर साहेब, पशुवैद्य साहेब, तुमी दोघंबी असाल तर वाचा.

मी परवा ताईला म्हणलो व्हतो, काई होत न्हाई. आज पशुवैद्य साहेबांचं वाचलं आन जेवण गेलं न्हाई. मागच्या महिन्यात आमचं वासरू आसंच झालतं. लाळ गळायली, हंबरायलं, पाणी पिईना. मला वाटलं सरकीच्या पेंडीतला खडा अडकला. मीच घशात हात घातला, दोनदा. कापूस वेचून वेचून बोंडाच्या नखानं बोटं सोललेली होती. वासरू तिसऱ्या दिशी मेलं. सापानं डसलं आसंल म्हणून पुरून टाकलं. त्याच्या आधी दीड महिन्याखाली आखाड्यावर भायेरचं एक कुत्रं घुसलं होतं, वासराच्या नाकाला लागलेलं मीच बघितलं होतं.

आता तीस दिवस झाले. आता काई उपेग आहे का?

---

ग्रामीण डॉक्टर | मंगळवार, रात्री ९.०२

दादा, आहे. पूर्ण उपयोग आहे. लक्षणं सुरू झालेली नाहीत तोवर लस घ्यायला मुदत नसते. बोटं भरली असली तरी आजच संबंध आला असं समजून उपचार करतात, लस आणि सीरम दोन्ही. दंडाला, बोटांना मुंग्या, ताप, घशाला काही त्रास? नसेल तर सकाळी पहिलं काम हेच. तुमच्या जवळ मोठं रुग्णालय कुठलं? मला खासगी निरोपात गाव कळवा, सीरम कुठं मिळेल ते मी रात्रीतच फोन करून विचारतो.

वासरू धरायला आणखी कोण होतं? त्यांच्या हातालाही विचारा.

---

पशुवैद्य उदगीर | मंगळवार, रात्री ९.१०

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं केलंत. आखाड्यावरच्या चारही कुत्र्यांना आणि बाकी जनावरांना लस द्यायची व्यवस्था मी तुमच्या तालुक्यातल्या सहकाऱ्याला सांगून करतो. तोवर त्यांना बांधून ठेवा.

---

काळी माती | बुधवार, सायंकाळी ६.२०

मला काई त्रास न्हाई. मी आन माझा पुतण्या दोघं अंबाजोगाईला जाऊन आलो. त्यानं मान धरली होती वासराची, त्याच्या हातावर बी लाळ पडलेली, अन् मनगटावर खरचटलेलं होतं. दोघांला बी लस आन सीरम झालं. डॉक्टर साहेब, तुमी रात्री अकराला फोन केला होता, बायको म्हणली देवमाणूस हाय. ताई, त्या दिशी मी जे लिहिलं ते मनावर घेतलं असतं तर काय झालं असतं. मला माफ करा.

---

अस्वस्थ | बुधवार, रात्री ९.४५

केला.

---

दुधनाकाठची | शनिवार, दुपारी १२.१०

काळी मातीदादा, माफी कसली. तुम्ही तुमचं लिहिलं नसतं तर तुमचा पुतण्या लसीविना राहिला असता.

गुरुवारी दोघांचा दुसरा डोस झाला. इकडं मात्र ज्याचा दात लागला ते पांढऱ्या पायाचं पिल्लू परवापासून दिसत नाही. कुणी म्हणतं ट्रॅक्टरखाली आलं, कुणी म्हणतं एका पाहुण्यानं पोत्यात घालून नेलं. म्हणजे दहा दिवस बघायचा मार्गच राहिला नाही. आता दोघांचेही सगळे डोस पूर्ण करायचे, असंच ना डॉक्टरसाहेब?

काल एक काम केलं. गल्लीत नऊ घरांत लेकरं आहेत. घरोघर गेले. "कुत्रं चावलं का?" असं विचारलं की सगळी नाही म्हणतात. मग मी माझ्या मुलाला पुढं केलं. त्यानं आपला दंड दाखवला, म्हणाला मला सुई टोचली, दुखत नाही. तेव्हा शेजारची पाच वर्षांची पोरगी हळूच फ्रॉक वर करून गुडघा दाखवायला लागली. दोन खपल्या, आठवडाभराच्या. आईनं मारलं असतं म्हणून सांगितलं नव्हतं. दुपारीच तिला नेलं. तिला सीरमही द्यावं लागलं, रक्त आलं होतं म्हणाली.

तिची आई रस्ताभर रडत होती. मी मनात म्हणत होते, माझ्या मुलाचा ओरखडा तरी मला कळला कसा? त्या दिवशी तो मोजा काढताना मी समोर होते म्हणून.

---

ग्रामीण डॉक्टर | शनिवार, दुपारी २.००

होय ताई, दोघांचे सगळे डोस पूर्ण करा. मुलं लपवतात, हे मी दर आठवड्याला बघतो. घरात पहिलं वाक्य "कशाला गेलास तिथं" असं असेल तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही. आजपासून माझ्या केंद्रावर आलेल्या प्रत्येक लेकराला मी विचारणार आहे: "तुझ्याबरोबर खेळायला आणखी कोण कोण होतं?" हे तुमच्याकडून शिकलो.

---

दुधनाकाठची | सोमवार, सायंकाळी ५.३०

आज अठ्ठाविसावा दिवस. मामांचा आणि मुलाचा शेवटचा डोस झाला. शेजारच्या पोरीचा चार दिवसांनी आहे, तिची तारीख मामांनी कोळशानं त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर लिहून ठेवलीय.

सोयाबीन घरात आलं. उरलेली चार पिल्लं आणि त्यांची आई लिंबाखालीच आहेत. मामा संध्याकाळी अजूनही तिथं बसतात, पण बसायच्या आधी दोन्ही तळवे उजेडात धरून बघतात, आणि भेग दिसली की नुसतं लांबूनच बोलतात त्यांच्याशी.

काळी मातीदादा, तुमचा आणि पुतण्याचा शेवटचा डोस परवा बुधवारी आहे. विसरू नका.

---

काळी माती | सोमवार, सायंकाळी ५.५२

न्हाई विसरत ताई. सकाळची पहिली एसटी हाय, पुतण्यानं कार्ड पिशवीत घालून ठेवलंय.